'प्लेटिंगच्या टाकीवर उभं राहून' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

शीत संलयनावरच्या (म्हणजे साध्या तापमानाला हायड्रोजनची अणुकेंद्रं एकत्र येऊन ऊर्जा मिळते, या दाव्यावरच्या) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे मुद्दे चार. प्रयोग दर वेळी जमत नाही. संलयन होतं तर त्यातून बाहेर पडायला हवेत ते न्यूट्रॉन कुठे गेले? गूगलने पैसे घालून तपासलं, हाती काही लागलं नाही. आणि शेवटी, "प्लेटिंगच्या टाकीवर उभं राहून अणुविज्ञान कळत नसतं, हे निदान बेळगावच्या वाचकांना तरी सांगा."

आधी माझी चूक. फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी हा दावा केला ती युटा विद्यापीठातली पत्रकार परिषद 23 मार्च 1989 ची. मी एप्रिल लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. त्यातला 'तरी' मला लागला, हे लपवत नाही. बेळगावचे वाचक म्हणजे कोण वाटलं तुम्हाला? तुम्ही खानापूरचे, म्हणजे आमच्यातलेच. बाहेरच्याने असं म्हटलं असतं तर मी उत्तरही दिलं नसतं.

बेळगावच्या उद्यमबागेत मी एकतीस वर्षं प्लेटिंग केलं, म्हणजे विजेच्या टाकीत मालावर धातूचा मुलामा चढवला. टाकीला वीज देणारा रेक्टिफायर चालू केला की टांगलेल्या जॉबच्या, म्हणजे मालाच्या, अंगावर बारीक बुडबुडे धरतात. तो हायड्रोजन. सगळा वर येत नाही, थोडा पोलादात शिरतो. म्हणून कडक केलेला माल झिंकचा मुलामा चढल्यावर लगेच दोनशे अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवायचा असतो. एकदा आमच्याकडून एक लॉट तापवायचा राहिला. गिऱ्हाइकाकडे बोल्ट आवळून ठेवले, संध्याकाळपर्यंत ठणठणीत. सकाळी डोकी जमिनीवर पडलेली. मी स्वतः जाऊन सांगितलं, चूक आमची, पोलादाने हायड्रोजन धरलाय. तिथले इंजिनिअर हसले. "प्लेटिंगवाल्यांनी आम्हाला मेटलर्जी शिकवू नये." दोष हीट ट्रीटमेंटवाल्यावर गेला, त्या बिचाऱ्याचं बिल अडकलं. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला : हायड्रोजन. सर, तुमचं वाक्य आणि त्यांचं वाक्य शेजारी ठेवून बघा.

पोलादात हायड्रोजन शिरतो तो चोरट्या वाटेने. पॅलेडियम मात्र स्वतःच्या आकारमानाच्या नऊशे पट हायड्रोजन पोटात घेतं. फ्लाइशमन-पॉन्सनी पॅलेडियमच जड पाण्यात (ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो) बुडवून वीज सोडली आणि दिली त्याहून जास्त उष्णता मिळाल्याचा दावा केला. तो खरा ठरला असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. पण एकाच हँगरवरचे दोन जॉब, एकच टाकी, एकच करंट. एक हायड्रोजन ओढतो, दुसरा ओढत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पृष्ठभाग, घडण, आधीची सफाई, सगळ्याने फरक पडतो. 'दर वेळी जमत नाही' म्हणजे 'खोटं आहे', हे फळ्यावर ठीक आहे.

आणि माझा मूळ मुद्दा वेगळाच होता : हा विषय फार लवकर मिटवला गेला. त्याला तुम्ही हात लावला नाहीत. 1989 मध्ये पाच आठवडे वर्तमानपत्रं नाचली. मे महिन्याच्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या बैठकीत कॅल्टेकच्या मंडळींनी दावा फाडला आणि पत्रकारांनी वह्या मिटल्या. नोव्हेंबरात अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने पुरावा पटणारा नाही म्हटलं, ते सगळीकडे गेलं. त्याच अहवालात नेमक्या प्रयोगांना माफक मदत द्यायला हरकत नाही असंही होतं, ते कोणाला आठवतं? सीमाप्रश्नावर महाजन अहवाल आला, विषय संपला, हे आम्ही सीमाभागातले लोक 1967 पासून ऐकतोय. त्यामुळे या वाक्यापाशी मी थांबतोच.

त्याच वर्षी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, पी. के. अय्यंगार संचालक असताना, अनेक गट या प्रयोगाला लागले आणि ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, संलयनाची एक खूण) सापडल्याचं त्यांनी नोंदवलं. बेंगळुरूहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकाने 2015 मध्ये या विषयावर खास विभाग काढला. तुमच्या वर्गात कधी यातलं काही निघालं? 1965 चे नोबेल विजेते श्विंगर यांचे याच विषयावरचे लेख नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अमेरिकन फिजिकल सोसायटी सोडली. नोबेलवाल्याची ही गत, तर नोकरी शोधणारा पोरगा या विषयाला हात लावेल का? नोकरीत कायम होण्याआधी तुम्ही लावला असता का, सर?

गूगलचं म्हणाल तर, 2019 मध्ये त्यांना पुरावा मिळाला नाही, हे खरं. पण धातूत तेवढा हायड्रोजन भरणं किती अवघड आहे, हेही त्यांनीच लिहिलंय. न्यूट्रॉनवर नंतर कधीतरी लिहीन, आज वेळ नाही. तेव्हा प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त मोजमापावर द्या. मी कुठे उभा राहून लिहितो, ते राहू द्या.