पाचर मारण्याची कला

लाकूड कापायचं यंत्र घरी आलं त्या रात्री मी मनातल्या मनात दोन टेबलं, एक कपाट आणि एक झोपाळा करून टाकला. मनातल्या सुतारकामाचं बरं असतं, तिथे भुसा पडत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला ओंडका चढवला, चारी बाजूंनी तासला आणि मध्ये देखणा चौकोनी तुकडा उभा राहिला. शेजारी जो ढीग पडला होता तो बघून मात्र शंका आली, की आपण नक्की काय कापलं? हा हिशेब खरं तर शाळेच्या भूमितीत होता, पण त्या तासाला माझं लक्ष खिडकीबाहेरच्या झाडावर असायचं. वर्तुळात बसणारा मोठ्यात मोठा चौरस वर्तुळाची जेमतेम 64 टक्के जागा व्यापतो. उरलेले 36 टक्के म्हणजे एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने गोल, सालीसकट चार फळकुटं.

शहाणा माणूस ती जळणात घालतो. मी म्हणालो, "राहू दे, याचं काहीतरी होईल."

या एका वाक्याने माझं अंगण खाल्लं.

सर्वांत जाड फळकुटाचं बाक करायचं ठरलं. सपाट बाजू वर, गोल बाजू खाली, चार भोकं, चार पाय. एका दुपारचं काम! ओलं लाकूड हवेवर वाळायला इंचभर जाडीला साधारण एक वर्ष लागतं, हे मला माहीत होतं. पण उत्साह इतका होता, की हा नियम इतरांच्या लाकडासाठी आहे असं मी ठरवलं. लाकूड वाळताना खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त आकसतं आणि वर्तुळांच्या आरपार, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, कमी, जवळजवळ निम्मंच. त्यामुळे फळी सालीच्या बाजूला वाकते आणि गाभ्याच्या बाजूला फुगते. माझ्या बाकाची गाभ्याची बाजू वर होती. दोन महिन्यांत त्याला मधोमध असा उंचवटा आला, की बसणाऱ्याने घोड्यासारखी मांड ठोकावी, नाहीतर घसरावं. आमच्या सौ. एकदाच बसल्या. "अहो, याला लगाम कुठे लावलाय?" एवढंच विचारलं.

शिवाय सालीखाली भाडेकरू होते. रात्री सामसूम झाली की बाकातून करकर आवाज यायचा आणि सकाळी खाली पिठाची छोटीशी रास. साल आधीच सोलून काढायची असते, कारण किड्यांना तिच्याखालीच घर करायला आवडतं. मी ती शोभेसाठी ठेवली होती.

मग चिमण्यांसाठी पेटी केली. दार बरोबर 32 मिलिमीटरचं, मोजून. महिनाभर कोणी फिरकलं नाही. मग गांधीलमाश्या आल्या. त्या अजून आहेत, आणि त्या बाजूला आता आम्ही फिरकत नाही. भुसा बागेत मातीत मिसळला, तर झाडं पिवळी पडली. तो कुजताना मातीतलं नत्र आधी स्वतः खातो म्हणे. ते असो.

ढिगाचा एक स्वभाव सांगायलाच हवा. फळी 60 सेंटिमीटरची हवी असली की ढिगातले झाडून सगळे तुकडे 56 चे निघतात. बरं, 56 ची गरज पडेल त्या दिवशी? 52 चे. हे तुकडे रात्री एकमेकांशी बोलून ठरवत असावेत.

पावसात हा ऐवज भिजू नये म्हणून शेड हवी झाली. शेडला खांब लागतात, खांब सरळ लागतात आणि ढिगात सरळ असं काहीच नव्हतं. शेवटी तो देखणा चौकोनी तुकडा, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो उभा चिरून शेडचे खांब केले. आता आत फळकुटं ऐटीत रचलेली आहेत, दोन थरांमध्ये हवा खेळावी म्हणून काड्या घालून. टेबल, कपाट आणि झोपाळा मनातच आहेत.

एक गोष्ट मात्र मला उत्तम जमली. पाचर! सहा इंच लांबीला एक इंच चढ ठेवला, की ठोकल्यावर ती घर्षणानेच धरून राहते. ती वाकत नाही, वाकली तरी कळत नाही. डुगडुगणाऱ्या बाकाखाली पाचर, वाऱ्याने आपटणाऱ्या दाराखाली पाचर, ओंडका गडगडू नये म्हणून दोन्हीकडून पाचर. दोनशेएक तरी केल्या असतील. "पाचर मारण्यात तुमचा हात पूर्वीपासूनच कोणी धरू शकत नव्हतं," सौ. म्हणाल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांनी झालेलं हे पहिलं कौतुक मी तसंच स्वीकारलं.

परवा शेडचं दार फुगलं आणि लागेना. मी बाहेरून एक पाचर जोरात ठोकली. दार असं बसलं, की आता पाचर निघत नाही. अडकलेली पाचर सोडवायची तर तिच्या शेजारी दुसरी ठोकावी लागते.

पाचरींची टोपली आत आहे.