‘उमा मुसुमे’ला जाहिरात म्हणणाऱ्यांसाठी

“मोबाइल गेमवरचा अ‍ॅनिमे म्हणजे दर आठवड्याची वीस मिनिटांची जाहिरात. गेम खेळला नसेल तर काही कळत नाही, आणि गोष्ट नुसती रडवण्यासाठी रचलेली.” घोड्यांचे कान-शेपूट असलेल्या, शर्यती धावणाऱ्या मुलींच्या ‘उमा मुसुमे : प्रिटी डर्बी’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेबद्दल हे सर्रास पुढे ढकललं जातं. यातला एकही मुद्दा धड टिकत नाही.

आधी तारखा बघा. पहिला सीझन एप्रिल २०१८ मध्ये लागला, गेम जपानमध्ये आला २४ फेब्रुवारी २०२१ ला. गेमची घोषणा आधीच झाली होती, पण तो लांबत गेला. म्हणजे जवळपास तीन वर्षं विकायला माल नव्हता. दुसरा सीझन मात्र जानेवारी ते मार्च २०२१ असा ऐन मोक्यावर लागला आणि गेमला त्याचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं.

पण त्या सीझनमध्ये गेम आहे कुठे? गेममध्ये तीन वर्षांचं प्रशिक्षण असतं, महिन्याला दोन चाली मिळतात, स्पीड-स्टॅमिनासारखे पाच आकडे वाढवायचे असतात, आणि पात्रं मिळवायला गाचा, म्हणजे नशिबावर चालणारी सोडत. पडद्यावर यातलं काही येत नाही, त्यामुळे गेम न खेळलेल्याचं काहीच अडत नाही. माहीत असलं तर मजा वाढते ते जपानच्या घोड्यांच्या शर्यतींचं.

कारण मुख्य पात्रांमागे त्याच नावांचे खरे घोडे आहेत. दागिना उजव्या कानाला असेल तर मूळ घोडा नर, डाव्या कानाला असेल तर घोडी. सायलेन्स सुझुका विचारात पडली की डावीकडे गोल गोल फिरत राहते. खऱ्या सुझुकाला तबेल्यात हीच खोड होती. जपानी लिपीत ‘घोडा’ लिहिताना खाली चार ठिपके देतात. या मालिकेच्या जगात ते दोनच, कारण इथे धावणाऱ्यांना पाय दोन. नुसता माल खपवायचा असता तर एवढी मेहनत कोण घेतं?

‘रडवण्यासाठी रचलेली’ हा आरोप तर सगळ्यांत चुकीचा. टोकाई तेइओ हा घोडा १९९१ मध्ये एकही शर्यत न हरता तिहेरी मुकुटाच्या पहिल्या दोन शर्यती, सात्सुकी शो आणि डर्बी, जिंकला, आणि डर्बीनंतर पाय मोडल्यामुळे तिसऱ्या मुकुटाला मुकला. पुढच्या वसंतात तेन्नो शो शर्यतीत मेजिरो मॅक्वीन या घोड्याकडून हरला, पुन्हा हाड मोडलं. त्याच वर्षी जपान कप जिंकला, पण लगेच वर्षअखेरच्या अरिमा किनेन शर्यतीत अकरावा आला. मग तिसऱ्यांदा हाड मोडलं. आणि त्या अरिमा किनेननंतर ३६४ दिवसांनी, २६ डिसेंबर १९९३ ला, मधे एकही शर्यत न धावता थेट अरिमा किनेनमध्ये उतरून त्याने बिवा हायाहिदे या घोड्याला मागे टाकलं. दुसऱ्या सीझनचा कणा हाच. यात रचायला उरलं काय?

सुझुकाचं प्रकरण वेगळं आहे. १ नोव्हेंबर १९९८, टोकियो, त्या दिवसाची अकरावी शर्यत, घोडा क्रमांक १. पहिले १००० मीटर ५७.४ सेकंदांत, मागचे कितीतरी दूर. शेवटच्या वळणाआधी डावा पुढचा पाय मोडला, आणि त्याला कायमचं झोपवावं लागलं. मालिकेत ती वाचते. “गेममध्ये विकायची होती म्हणून वाचवली,” असं म्हणतात. ते पात्र गेममध्ये आहेच. पण मालिका तो पाय मोडल्याचं लपवत नाही, आणि बरं होण्याचा कंटाळवाणा, लांबलेला काळही वगळत नाही. ज्यांना ती तारीख पाठ आहे, त्यांच्यासाठी तिचं पुन्हा धावणं हे त्या घोड्याला न मिळालेलं आयुष्य आहे.

खरी तक्रार करायची तर १९९८ च्या डर्बीची करा. पहिल्या सीझनच्या नायिकेमागचा घोडा स्पेशल वीक ती पाच घोड्यांच्या लांबीच्या फरकाने जिंकला होता. मालिकेत एल काँडोर पासासोबत बरोबरी दाखवली आहे. तो घोडा अमेरिकेत जन्मलेला, आणि परदेशात जन्मलेल्या घोड्यांना तेव्हा डर्बीत प्रवेशच नव्हता. तिथे इतिहास सोडला आणि शर्यत मिळमिळीत झाली. किटासान ब्लॅक या घोड्यावर बेतलेला तिसरा सीझनही आमच्या मते सैल आहे, पण तो लेखनाचा दोष. त्यात गेमचा काही संबंध नाही.

ज्यांना स्वतः पडताळायचं आहे, त्यांनी थेट दुसऱ्या सीझनपासून सुरुवात केली तरी चालेल. तेरा भाग आहेत. शेवटचा भाग संपला की १९९३ च्या अरिमा किनेनचं मूळ चित्रण लावा आणि अखेरच्या सरळ पट्ट्यात बिवा हायाहिदेच्या बाजूने कोण पुढे सरकतं ते बघा.