आत्ताच इथून गेला

प्रवासाला निघालेल्या माणसाला कुठेतरी पोहोचायचे असते, हा समज आमच्या भाऊजींच्या गाडीत बसण्यापूर्वी घरीच ठेवून यावा लागतो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रस्त्याच्या कडेला ‘वस्तुसंग्रहालय’ किंवा ‘अभयारण्य’ अशी पाटी दिसली की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, मागच्या सीटवरचे डबे पुढच्या सीटवर येतात आणि “इथवर आलोच आहोत तर” हे शब्द उच्चारले जातात, ज्यांच्यावर अपील नाही. त्यांच्यासोबत हिंडून मी एवढेच शिकलो, की अभयारण्यात माहिती असते पण प्राणी नसतो आणि संग्रहालयात प्राणी असतो पण माहिती नसते.

राधानगरीचे उदाहरण घ्या. १९५८ साली जाहीर झालेले हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. गवा हा काही नजरेतून सुटावा असा प्राणी नव्हे. नराचे वजन हजार किलोपर्यंत जाते, खांदा माणसाच्या उंचीला येतो आणि चारही पायांत पांढरे मोजे चढवल्यासारखा तो दिसतो. म्हणजे दिसतो असे पुस्तकात लिहिलेले आहे. आम्हाला दिसले ते शेण. वाटाड्याने खाली वाकून, मोठ्या आदराने ते दाखवले आणि म्हणाला, “आत्ताच गेलाय बघा सायेब, ओलं हाय अजून.” भाऊजींनी गुडघ्यांवर बसून त्याचे निरनिराळ्या कोनांतून फोटो काढले. ते आजही ताईच्या फोनमध्ये नातवाच्या बारशाच्या फोटोंना लागून आहेत, आणि पाहुण्यांना बारसे दाखवताना तिला अंगठा फार जपून सरकवावा लागतो.

सोलापूरजवळ नान्नजला तर शेणाचाही आधार नव्हता. हे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ सालचे. त्याचे मूळ क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे त्यात येत असल्यामुळे तिथले कित्येक लोक आपल्या ओसरीवर बसल्या बसल्या अभयारण्यात राहत होते. पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, परंतु माळढोक त्याहून वेगाने कमी झाला. जगात जे थोडेथोडके माळढोक उरले आहेत त्यांतले बहुतेक आता राजस्थानात आहेत. हे सारे ठाऊक असूनही भाऊजी भर उन्हात दुर्बीण लावून उभे राहिले. समोर काळविटांचा अख्खा कळप चरत होता. एक नर शिंगे मागे टाकून असा काही ऐटीत उभा होता, की दुसऱ्या कोणत्याही माळावर त्याला पाहून आम्ही धन्य झालो असतो. पण भाऊजी त्याला हाताने ‘बाजूला हो’ अशी खूण करीत होते, कारण त्यांच्या मते माळढोक नेमका त्याच्याच मागे होता.

संग्रहालयातल्या प्राण्यांकडून अशी दगाबाजी होत नाही. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेला वाघ ठरल्या जागी उभा असतो आणि फोटो होईपर्यंत हलत नाही. तिथे पंचाईत होते ती वेगळीच. एका जिल्ह्याच्या गावी (नाव सांगत नाही, कारण तिथे आमची सोयरीक आहे) आम्ही शिरलो तेव्हा पाहणारे आम्हीच होतो. तिथला शिपाई पुढे जाऊन एकेका दालनातला दिवा लावी आणि आमची पाठ वळते न वळते तोच मागचा दिवा बंद करी. हातात किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर जेवणाची वेळ. मूर्तीखालच्या चिठ्ठीवर ‘मूर्ती. दगडी. प्राचीन.’ एवढाच मजकूर होता. यांतले पहिले दोन शोध आम्हालाही लागले होते. भाऊजींनी शतक विचारले, तेव्हा शिपायाने अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले, “मी लागलो तेव्हापासून इथेच आहे.”

तरीही अशा जागा टाळाव्यात असे मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे. कोल्हापूरच्याच टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननात सापडलेला पोसायडन आहे. वीतभरही उंची नसलेला हा काशाचा समुद्रदेव रोमन व्यापाराच्या वाटेने सह्याद्री चढून, जिथे समुद्राचा थेंब नाही अशा गावी येऊन राहिला. सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात, रविवर्म्याच्या चित्रांच्या शेजारात, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि मूल’ ठेवलेले आहे. ज्यासाठी लोक विमानाचे तिकीट काढून लंडनला जातात, ते आम्ही एसटी स्टँडवरचा वडापाव हातात घेऊन पाहायला निघालो होतो. वडापाव दाराबाहेर संपवावा लागला, हे योग्यच झाले.

या साऱ्या नामुष्कीची भरपाई वेळासला होईल, असा भाऊजींचा ठाम विश्वास होता. मंडणगड तालुक्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात जपतात आणि दिवसांतून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, घरट्यावरची टोपली उचलून पाहतात. सकाळी टोपली उचलली, खाली वाळू. दोरीमागच्या गर्दीने सुस्कारा सोडला. संध्याकाळी पुन्हा उचलली, तेव्हा काळीभोर, तळहाताहून लहान पिल्ले वाळूतून धडपडत वर येत होती. त्यांना समुद्राच्या अलीकडे सोडले आणि ती वल्ही मारत निघाली. एकाने मात्र थबकून आमच्या दिशेला तोंड वळवले. आयुष्यभर पाठमोऱ्या प्राण्यांचे शेण पाहिलेल्या भाऊजींना हा सन्मान सोसवेना. दोरीवरून अर्धे पुढे झुकून ते दोन्ही हातांनी वाहतूक पोलिसासारखे समुद्र दाखवू लागले, “अरे तिकडे! तिकडे! डावीकडून!”

कार्यकर्ता मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, “काका, तुम्ही जरा मागे सरा. ते तुमच्याकडेच बघतंय.”