टीव्ही मालिकेमुळे 'फर्स्ट लव्ह' अल्बम खपला म्हणता? आधी तारखा बघा

नेटफ्लिक्सवर 2022 साली 'फर्स्ट लव्ह' ही जपानी मालिका आली. तेव्हापासून जपानी पॉप कलाकार हिकारू उतादा यांच्या त्याच नावाच्या 1999 च्या अल्बमबद्दल एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: हा उतादांचा पहिलाच अल्बम, आई नावाजलेली गायिका म्हणून दारं आपोआप उघडली, गाणी मोठ्या माणसांनी बेतून दिली, एका टीव्ही मालिकेने अल्बम उचलून धरला आणि एकट्या जपानमध्ये एक कोटी सीडी खपल्या. ऐकायला झकास, पण यातला प्रत्येक दावा कुठे ना कुठे लंगडतो.

सगळ्यात जास्त पसरलेला दावा मालिकेचा, म्हणून तो आधी घेऊ. ही मालिका नेटफ्लिक्सची नव्हे, टीबीएस वाहिनीवरची 'माजो नो जोकेन'. शिक्षिका आणि विद्यार्थ्याच्या प्रेमाची ती गोष्ट. तिचा पहिला भाग लागला 8 एप्रिल 1999 ला. अल्बम दुकानात आला 10 मार्चला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या 20 लाखांहून जास्त प्रती गेल्या. अल्बमच्या शीर्षकगीताची, म्हणजे मालिकेत वाजणाऱ्या 'फर्स्ट लव्ह' गाण्याची सुटी सीडी तर 28 एप्रिलला निघाली. म्हणजे मालिका हे वरातीमागून आलेलं घोडं. तिच्यामुळे ते एक गाणं आणखी घराघरांत पोचलं, अल्बमचा खप लांबला, हे कबूल. पण पहिल्या आठवड्यात रांगा लावणाऱ्यांनी ती मालिका पाहिलेलीच नव्हती.

मग रांगा कशाच्या? 'ऑटोमॅटिक'च्या. उतादांच्या या गाण्याची सुटी सीडी 9 डिसेंबर 1998 ला आली आणि एफएम रेडिओवर गाजू लागली. लहान आणि मोठ्या अशा दोन आकारांतल्या सीडी खपाच्या यादीत वेगवेगळ्या मोजल्या गेल्या. दोन्हींची बेरीज 20 लाखांपलीकडे गेली. फेब्रुवारीत 'मूव्हिन ऑन विदाउट यू' आलं. मार्च उजाडेपर्यंत लोक पूर्ण अल्बमची वाट बघत बसले होते.

आता 'गाणी दुसऱ्यांनी बेतून दिली' हा आरोप. मला यातला हाच सगळ्यात अन्यायाचा वाटतो. अल्बमवर अकिरा निशिहिरा, केई कावानो अशी नावं दिसतात, ती संगीत संयोजकांची. आपल्याकडेही चाल एकाची आणि वाद्यमेळ दुसऱ्याचा असतो, त्यात नवल काही नाही. शब्द आणि चाली उतादांच्याच. ('आमाइ वाना' या गाण्यात रोलिंग स्टोन्सच्या 'पेंट इट ब्लॅक'चा तुकडा येतो, पण तो गाण्याच्या नावातच उघड सांगितलाय.) शंका असेल तर 'ऑटोमॅटिक'ची पहिली ओळ नीट ऐका. सातव्या घंटेला फोन उचलला, एवढंच ती सांगते. पण घंटेसाठीचा 'बेरू' हा शब्द मधोमध तुटतो: 'बे' इकडे, 'रू' पुढच्या ठेक्यावर. जपानी पॉपमध्ये शब्द सहसा अख्खे ठेवून चालीत बसवत. इथे आधी ताल ठरलाय आणि भाषेला त्याच्यामागून धावायला लावलंय. न्यूयॉर्कमध्ये जन्मून, दोन भाषांत वाढून, अमेरिकन आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, ठेक्यावर चालणारं संगीत) ऐकलेल्या कानाचं हे काम. कुणा वडीलधाऱ्याने हे लिहून दिलं असतं तर त्याने शब्द तोडला नसता, अशी माझी पैज आहे.

आईचं म्हणाल तर केइको फुजी यांचा दबदबा खरा. 1970 मध्ये जपानच्या अल्बम-यादीवर त्यांनी अक्षरशः राज्य केलं. पण त्या एन्का, म्हणजे जुन्या ढंगाची जपानी भावगीतं, गायच्या, आणि एन्का ऐकणारे काका-मावशी 1999 मध्ये आर अँड बीच्या सीडीसाठी धावले, हे पटत नाही. त्याहून साधी गोष्ट: जानेवारी 1998 मध्येही आई तीच होती. त्या महिन्यात उतादांचा 'प्रेशस' हा इंग्रजी अल्बम क्यूबिक यू या नावाने आला आणि फारसा गाजलाच नाही. आडनावात जादू असती तर तेव्हाच चालली असती. वडील तेरुझाने उतादा निर्माते असल्याने स्टुडिओ मात्र लहानपणापासून घरासारखा होता. तो फायदा मी नाकारत नाही.

'पहिलाच अल्बम' हा दावाही इथेच संपला. 'प्रेशस'च्याही आधी, 1993 मध्ये, आई-वडील आणि उतादा अशा तिघांचा यू थ्री या नावाने अल्बम आला होता. 'फर्स्ट लव्ह' हा पहिला जपानी अल्बम, एवढंच खरं. 'पंधरा वर्षांची मुलगी' असंही लिहितात; अल्बम आला तेव्हा वय 16 होतं. आणि 2021 मध्ये उतादांनी आपण स्वतःला स्त्री-पुरुष यांपैकी कुठल्याच चौकटीत धरत नाही असं जाहीर केलंय, म्हणून मी इथे 'त्यांनी'वरच भागवलंय.

राहिला एक कोटीचा आकडा. ओरिकॉन ही जपानमधली विक्री मोजणारी संस्था. तिच्या हिशेबाने 'फर्स्ट लव्ह'च्या साधारण 76 लाख प्रती गेल्या. एक कोटी सांगतात तो जपानबाहेरचा खप धरून. बरं, 76 लाख म्हणजे तरी थोडे का? तेव्हाच्या जपानमध्ये दर सोळा-सतरा माणसांमागे एक सीडी, तीही जुन्या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहाची नाही. आधीचा विक्रम बीझ या जपानी रॉक जोडीच्या 'प्लेझर'चा होता, 50 लाखांच्या थोडा वर, आणि तो संग्रहच होता. अर्थात सीडीचा धंदा तेव्हा ऐन भरात होता, 1998 हे जपानमधल्या सीडी-उत्पादनाचं शिखर. आज कुणी यापेक्षा सरस अल्बम केला तरी तेवढ्या सीडी विकत घेणारी माणसं आणायची कुठून?