पलंगाला खिळवणे ही सेवा नव्हे

न्यूमोनियामुळे आई रुग्णालयात होती, तेव्हा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश फिरत आला. ‘वृद्ध रुग्णाला पलंगावरून उतरू देऊ नका, डायपर लावा, घास भरवा, पूर्ण विश्रांतीनेच ताकद भरून येते, आणि राहिलेली घरी गेल्यावर आपोआप येते’, असा त्याचा आशय होता. तो वाचून वहिनीने आईच्या हातातला चमचा काढून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

विश्रांतीने ताकद येते, हे म्हातारपणी तर मुळीच खरे नाही, कारण वापरात नसलेले स्नायू काही दिवसांतच झिजू लागतात. स्पेनमधील पाम्प्लोना येथे ७५ वर्षांवरील ३७० रुग्णांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत पुरेसा बोलका आहे. खाणे, आंघोळ, कपडे, शौच, चालणे, जिना अशा दहा बाबी माणूस स्वतः किती करू शकतो, हे १०० गुणांच्या बार्थेल मापकावर मोजतात. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाने घरी जाईपर्यंत सरासरी ५ गुण गमावले. ज्यांच्याकडून रोज सकाळ-संध्याकाळ चालणे, तोल सांभाळणे आणि पायांना बळ देणारे व्यायाम करून घेतले, त्यांनी सुमारे २ गुण कमावले. या रुग्णांचे सरासरी वय ८७ होते, हे ‘आता या वयात काय व्यायाम’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

सर्वांत घातक सल्ला डायपरचा आहे. ज्याला लघवीची जाणीव आहे, जो आधाराने चार पावले टाकू शकतो, त्याला केवळ आपल्या सोयीसाठी डायपर लावणे म्हणजे त्याची उरलेली सवय आपण होऊन मोडणे होय. ओलाव्याने कातडी सोलवटते, हे वेगळेच. पहिल्या रात्री डायपर लावताना आईने तोंड भिंतीकडे फिरवले. चौथ्या दिवशी तिने ‘मला जायचंय’ म्हणणेच सोडून दिले. आम्ही त्याला शांत झोप समजत होतो! नंतर परिचारिकेने सलाइनची नळी सांभाळत तिला पलंगाच्या कडेला बसवले, पाय जमिनीला टेकवले आणि कमोडची खुर्ची जवळ ओढली, तेव्हा आईने पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिले.

पडण्याची भीती मात्र खोटी नाही, एवढे मान्य करावे लागेल. चक्कर येत असेल किंवा हाड मोडले असेल, तर डॉक्टर सांगतील तेच ऐकावे. पण त्यावर उपाय म्हणजे धरायला माणूस, न घसरणारी चप्पल, रात्री दिवा आणि डोळ्यांवर स्वतःचा चश्मा. कायमचे निजवून ठेवल्याने तोल आणखीच जातो.

भरवण्याबद्दल एवढेच, की हात चालत असेल तर वाटी जवळ सरकवावी आणि थांबावे, सांडले तर पुसावे. घरी गेल्यावर सारे आपोआप येते, हेही खरे नाही. अनेकांचे गेलेले परत येतच नाही. वहिनीला हे सगळे समजावून सांगितले. आता आई दुपारचा वरणभात स्वतःच्या हाताने खाते, त्याला पाऊण तास लागतो, आणि वहिनी शेजारी बसून राहते.