‘प्लॅनची सफाई म्हणजे नुसती शोभा’ हे म्हणणे चुकीचे का आहे

घर बांधायला निघालेल्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे: ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला प्लॅन मुळातच अचूक असतो, मापे संगणकच टाकतो आणि नंतरची सफाई, म्हणजे रेषा आणि मापे तपासून नीट करणे, ही नुसती शोभा असल्याने तिचे पैसे देऊ नयेत. कोल्हापुरात रोज हेच काम करत असल्याने या तिन्ही विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सॉफ्टवेअर आपण दिलेले माप अचूक काढते. ते जागेवर खरे आहे का, हे त्याला कळत नाही. शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घरातील १२ बाय १६ फुटांची खोली ऑर्थो (रेषा फक्त सरळ आडव्या-उभ्याच काढू देणारी सोय) चालू ठेवून काढली, तेव्हा पडद्यावर आयत निर्दोष दिसत होता. शंका आली म्हणून जागेवर जाऊन कर्ण मोजले, तर एक २० फूट ३ इंच आणि दुसरा १९ फूट ९ इंच भरला. खोली गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात असती, तर दोन्ही बरोबर २० फूट भरले असते. म्हणजे १२ फुटांची भिंत जवळजवळ पावणेचार इंच तिरकी गेली होती. फरशीचे काप आणि भिंतीलगतचे कपाट त्या तिरकसपणावरच ठरणार असल्याने सगळी खोली कर्णांवरून पुन्हा काढावी लागली.

मापे संगणक टाकतो हे खरे, पण तो आकडा हाताने बदलता येतो आणि पुढे भिंत सरकवली तरी हाताने लिहिलेला आकडा तसाच राहतो. शिवाय माप विटेपासून विटेपर्यंतचे की गिलाव्यानंतरचे, हे काढणाऱ्यानेच ठरवायचे असते: ३०४८ मिलिमीटर, म्हणजे दहा फूट, दोन्हीकडे १२ मिलिमीटर गिलावा झाल्यावर ३०२४ उरतात आणि पुऱ्या दहा फुटांचे तयार कपाट तिथे बसत नाही.

राहिली शोभा. कापलेली भिंत, म्हणजे प्लॅनसाठी घर आडवे कापले असे धरल्यावर छेदात येणारी भिंत, जाड रेषेत आणि डोक्यावरचा माळा तुटक रेषेत दाखवला नाही, तर मिस्त्री माळ्याची कड भिंत समजू शकतो. कोपऱ्यात दोन रेषांमध्ये केसाएवढी फट राहिली, तर क्षेत्रफळासाठी बंद आकृती मिळत नाही. ती शून्य त्रिज्येच्या फिलेटने, म्हणजे दोन रेषांची टोके कोपऱ्यात जुळवणाऱ्या आज्ञेने, जोडावी लागते. रंगीत भराव, झाडांची चित्रे, फर्निचरच्या सावल्या ही मात्र खरोखर शोभा आहे, आणि ज्याला ती नको त्याने तिचे पैसे जरूर नाकारावेत; कर्ण मोजण्यासाठी जागेवर घालवलेला अर्धा दिवस त्या हिशेबात धरू नये.