१:१८० म्हणजे नेमकं काय?

डबल मार्कर ही गरोदरपणात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होणारी, बाळाला डाउन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असण्याचा धोका किती ते सांगणारी रक्ततपासणी. तिच्याबद्दल तुमच्या लेखात ‘डबल मार्कर पॉझिटिव्ह आली म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम आहे’ असं सरळ लिहिलंय. कृपा करून हे वाक्य बदला. चार वर्षांपूर्वी माझ्या डबल मार्करच्या रिपोर्टवर लाल अक्षरांत १:१८० छापून आलं होतं. लॅबच्या जिन्यातच मी मटकन खाली बसले. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की असाच निकाल आलेल्या १८० जणींपैकी साधारण एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असू शकतो, बाकी १७९ जणींच्या नाही. हे मला सांगायला तिथं कोणी नव्हतं.

पुढं आमच्या डॉक्टरबाईंनी फॉर्म नीट पाहिला. लॅबनं गरोदरपणाचे आठवडे पाळीच्या तारखेवरून धरले होते, १२ आठवडे ५ दिवस. एनटी स्कॅनमध्ये (त्याच सुमाराच्या सोनोग्राफीत) बाळाच्या लांबीवरून भरत होते ११ आठवडे ६ दिवस. एवढ्या फरकानंही या तपासणीत रक्तातले जे दोन घटक मोजतात, त्यांतलं पॅप-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त असल्यासारखं दिसतं, आणि धोका फुगतो. वजन, वय, आठवडे हे सगळं त्या गणितात जातं. तेव्हा बायांनो, सही करण्याआधी फॉर्म स्वतः वाचा.

आणि एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या डीएनएवरून होणारी तपासणी) हीसुद्धा चाळणीच आहे, भले जास्त बारीक; तीही धोकाच सांगते. खात्रीचं उत्तर सीव्हीएस (वारेचा नमुना घेऊन केलेली तपासणी) किंवा गर्भजल तपासणीतून मिळतं; गर्भजल तपासणी साधारण १५ आठवड्यांनंतर होते. नुसत्या डबल मार्करवरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका, हात जोडून सांगते.